‘अहो, त्यात काय लिहायचं?’ : भाड्याचं घर देताना आणि घेताना

मी तेरा वर्षं भाड्याच्या घरांत राहिलो आणि आता माझाच एक छोटा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. भांडणं बहुतेक वेळा वाईट माणसांमुळे होत नाहीत, न लिहिलेल्या गोष्टींमुळे होतात. माझ्या दुसऱ्या घराचे मालक अतिशय सज्जन होते. करार करताना रंगाचा विषय काढला, तर हसून म्हणाले, “अहो, त्यात काय लिहायचं? आपण काय परके आहोत का?” घर सोडताना त्याच रंगाचे अठरा हजार डिपॉझिटमधून कापले गेले. मी बोललो, तेही बोलले आणि दोघांनाही आपापलं बरोबर वाटत होतं. कागदावर मात्र काहीच नव्हतं.

हा लेख महाराष्ट्रातल्या राहत्या घरांपुरता आहे. दुसऱ्या राज्यात कायदा वेगळा, त्यामुळे बंगळूरला नोकरी लागलेल्या भाच्याला हा पाठवू नका.

आधी नावं नीट समजून घेऊ

बोलताना आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो. कायद्यात मात्र दोन वेगळी नाती आहेत. एक खरं भाडेपट्ट्याचं, ज्यात घरात राहणाऱ्याचा त्या जागेत काही हक्क तयार होतो. त्याची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ मध्ये आहे. दुसरं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे फक्त वापरायची परवानगी. ती येते १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मधून. परवानगीची मुदत संपली की हक्कही संपतो.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी पागडीची (म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर राहणारी) माणसं पहिल्या प्रकारात येतात. त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं मोठं संरक्षण आहे. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याखाली भाडं वर्षाला चार टक्क्यांनी वाढवता येतं. थकबाकीसाठी दावा करायचा, तर आधी लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावं लागतं. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह भरली, तर त्या कारणावरून त्याला बाहेर काढता येत नाही. मालकाला स्वतःसाठी जागेची खरी गरज असणं, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, सबळ कारण नसताना सहा महिने जागा न वापरणं अशी घर रिकामं करून मागण्याची कारणं कलम १६ मध्ये एक-एक करून दिलेली आहेत.

आज फ्लॅट भाड्याने देणारे जवळजवळ सगळे लिव्ह अँड लायसन्सच करतात, म्हणून पुढचं सगळं मुख्यतः त्याबद्दल. मी सवयीने ‘भाडेकरू’ हाच शब्द वापरणार आहे, करारात मात्र तुम्ही ‘लायसन्सी’ असाल आणि मालक ‘लायसन्सर’.

घर पाहून आवडलं. आता कागद पाहा

घर घेणाऱ्याने टोकन देण्याआधी दोन कागद मागावेत : ताजं वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती, आणि इंडेक्स टू (घर कोणाच्या नावावर नोंदलंय ते दाखवणारा नोंदणी कार्यालयाचा उतारा). दोन्हींवरचं नाव आणि करारावर सही करणाऱ्याचं नाव जुळलं पाहिजे. मालक परदेशी असेल आणि भाऊ किंवा मेहुणा सही करणार असेल, तर कुलमुखत्यारपत्र पाहा आणि त्यात घर भाड्याने द्यायचा अधिकार दिलाय का ते वाचा.

‘हेवी डिपॉझिट’च्या घरांत तर हे दुप्पट काळजीने करा. या पद्धतीत महिन्याचं भाडं नसतं किंवा नावाला असतं आणि एकदम काही लाख रुपये डिपॉझिट द्यायचे असतात. यात नेहमीची फसवणूक अशी होते : मधला माणूस मालकाकडून साध्या भाड्याने फ्लॅट घेतो, स्वतःच मालक असल्यासारखं भासवून दुसऱ्याला हेवी डिपॉझिटवर देतो, काही महिने मूळ मालकाला भाडं पोचवतो आणि मग गायब होतो. मालकाला तुमचं नावही माहीत नसतं. घरावर कर्ज आहे का तेही विचारा. हप्ते थकले आणि बँकेने जप्तीची कारवाई सुरू केली, तर तुमचं डिपॉझिट कोणाकडे मागायचं हा प्रश्न फार कडू असतो.

मालकानेही समोरच्याचं आधार, पॅन, नोकरीचा पुरावा घ्यावा. आधीच्या घरमालकाला एक फोन करावा. तो फोन कोणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त माहिती त्यातूनच मिळते.

करार : इथे दोन संध्याकाळी घालवा

एजंट एक छापील मसुदा आणतो. त्यात नाव, रक्कम आणि तारीख बदललेली असते, बाकी सगळं मागच्या ग्राहकाचं. माझ्या एका करारात ‘दुकानाचा गाळा’ हा शब्द तिसऱ्या पानावर तसाच राहिला होता. राहायचा फ्लॅट, आणि करार म्हणतोय गाळा!

हे हसण्यावारी नेऊ नका. १९९९ च्या कायद्याचं कलम २४ म्हणतं की लिव्ह अँड लायसन्सच्या लेखी करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानला जाईल. म्हणजे ‘आमचं तोंडी वेगळं ठरलं होतं’ हे नंतर सांगून उपयोग नाही. तेव्हा मसुदा व्हॉट्सअॅपवर मागवा, सावकाश वाचा आणि पुढच्या गोष्टी त्यात आहेत का बघा.

पैसे. भाडं किती, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यात. सोसायटीचा मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा? दुसऱ्या वर्षी वाढ किती टक्के? वीज, गॅस, इंटरनेट कोणाकडे? मालमत्ता कर साधारणपणे मालकाकडेच असतो, तरी तसं लिहा.

डिपॉझिट. महाराष्ट्रात किती महिन्यांचं घ्यावं याला कायद्याची मर्यादा नाही. ‘दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही’ असं जे फिरतं, ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यातलं आहे. तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. त्यामुळे रकमेवर घासाघीस करा, पण त्याहून जास्त लक्ष परतीच्या कलमावर ठेवा. ते किती दिवसांत परत, कशाकशासाठी कापता येईल आणि नेहमीच्या वापराने होणारी झीज कापणीतून वगळली आहे का?

रंग. हो, वेगळा परिच्छेद. दोनतीन वर्षं राहिल्यावर भिंती मळणारच, ती झीज. मुलाने स्केचपेनने काढलेला हत्ती, ते नुकसान. पण सोडताना एक ठरावीक रक्कम रंगासाठी कापायची असं दोघांना मान्य असेल, तर तो आकडा आताच लिहा.

लॉक-इन आणि नोटीस. लॉक-इन म्हणजे इतके महिने सोडायचं नाही. ते दोघांवर आहे की फक्त भाडेकरूवर, हे वाचा. बऱ्याच मसुद्यांत मालक एका महिन्याच्या नोटिशीवर करार संपवू शकतो आणि भाडेकरू मात्र सहा महिने अडकलेला असतो. बदली झाली तर काय, हेही आत्ताच विचारा.

कोण राहणार. घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावं घाला. पाहुणे, पाळीव प्राणी, घरातून चालणारा व्यवसाय (शिकवण्या, डबे, शिवणकाम) यावर काही अट असेल तर ती आत्ताच उघड करा. लपवून ठेवलेली मांजर तिसऱ्या महिन्यात खिडकीत बसलेली दिसतेच.

सामान. पंखे किती, गिझर कोणता, एसी, वॉर्डरोब, मॉड्युलर किचन, सगळी यादी कराराला जोडा.

नोंदणी : नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे

‘अकरा महिन्यांचाच आहे, रजिस्टर कशाला?’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्याचं मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. त्यात एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची होती, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची वाट शोधली. महाराष्ट्रात ती वाट २००० पासून बंद आहे. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार भाड्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा, मुदत कितीही असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीचा शिक्का मारून निश्चिंत झालेल्या मालकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

खर्च किती? मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते कशावर, ते उदाहरणाने बघू. भाडं २०,००० रुपये, मुदत ११ महिने, परत मिळणारं डिपॉझिट ६०,०००. एकूण भाडं झालं २,२०,०००. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, ते अकरा महिन्यांचं ५,५००. बेरीज २,२५,५००, आणि तिचे ०.२५ टक्के म्हणजे साधारण ५६५ रुपये. परत न मिळणारं काही डिपॉझिट असेल तर ते पूर्ण या बेरजेत येतं. नोंदणी फी शहरी भागात १,०००, ग्रामीण भागात ५००. याशिवाय थोडं हाताळणी शुल्क आणि एजंटची फी. हा खर्च कोणी करायचा ते आपसांत ठरवा, बहुतेक जण निम्मा-निम्मा करतात. हा दर साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला आहे.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जायची गरज राहिलेली नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-नोंदणी होते : माहिती भरायची, शुल्क ऑनलाइन भरायचं, मग मालक, भाडेकरू आणि साक्षीदार यांचे आधारशी जुळणारे अंगठे आणि फोटो. थंबचं यंत्र घेऊन एजंट घरी येतो. तो घाईत असतो, त्याला पुढे अजून दोन घरं असतात. तरी अंगठा लावण्याआधी पडद्यावरचा मसुदा पुन्हा एकदा खालपर्यंत सरकवून बघा, कारण तुम्ही सुचवलेले बदल मधल्या मसुद्यात राहून जातात. नोंदणी झाल्यावर मिळणारी पीडीएफ दोघांनीही जपून ठेवायची.

पोलीस आणि सोसायटी

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं हे मालकाचं काम. अनेक शहरांत पोलीस आयुक्तांचे तसे आदेश असतात आणि ते मोडणं गुन्हा ठरतो. माहिती महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरून देता येते. पोचपावतीची एक प्रत भाडेकरूलाही द्या, गॅस आणि इंटरनेटच्या अर्जांना बरी पडते.

सोसायटीला आगाऊ लेखी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. सभासद स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावू शकते, पण १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर नसावं, आणि सेवाशुल्क मोजताना पालिकेचे कर धरायचे नाहीत. हे शुल्क सोसायटी सभासदाकडूनच वसूल करते, त्यामुळे करारात वेगळं काही नसेल तर भाडेकरूच्या गळ्यात घालू नका.

चावी मिळाली त्या दिवशी

सामान टेम्पोत आहे, मुलं कंटाळलीत, आणि मी सांगतोय थांबा. अर्धा तास. मोबाइलवर एक सलग व्हिडिओ घ्या, मुख्य दारापासून सुरू करून प्रत्येक खोली. नळ उघडून दाखवा. फ्लश ओढा. प्रत्येक बटण दाबा. कपाटाचे खण उघडा, सिंकखाली डोकवा, खिडक्यांच्या कडी-कोयंड्यांवर कॅमेरा न्या. वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढा, मीटर क्रमांकासकट. मग त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि खाली साधा मजकूर लिहा : “काका, आज चावी घेतली. हॉलचा डावीकडचा पंखा कमी वेगाने फिरतो, बेसिनला उजव्या कडेला बोटभर तडा आहे, मीटर रीडिंग अमुक. तीन चाव्या मिळाल्या.” उत्तर म्हणून नुसता अंगठा आला तरी चालेल.

माझ्या चौथ्या घरात हा बेसिनचा तडा खरोखर होता. त्याची गोष्ट शेवटी येईल.

राहताना

दुरुस्तीवरून सगळ्यात जास्त चिडचिड होते. व्यवहारात रुळलेली वाटणी अशी : बल्ब, नळाचा वॉशर, तुंबलेलं सिंक भाडेकरूचं, तर भिंतीतली पाइपलाइन, वायरिंग, ओल, बंद पडलेला गिझर मालकाचं. मधल्या प्रदेशासाठी करारात एक रक्कम लिहा, त्याखालचा खर्च भाडेकरूचा. जुन्या भाडेपट्ट्यांच्या भाडेकरूंना कायद्याने एक सोय दिली आहे. मालकाने घर दुरुस्त ठेवलं नाही, तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही कपात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको. लिव्ह अँड लायसन्समध्ये अशी सोय हवी असेल तर करारातच मागून घ्या.

वरच्या मजल्यावरून गळत असेल तर भाडेकरूने थेट वरच्यांशी भांडू नये. फोटोसह मालकाला लिहावं, मालकाने सोसायटीला लिहावं. सभासद मालक आहे, तुम्ही नाही.

घर मालकाचं असलं तरी चावी वळवून कधीही आत यायचा अधिकार त्याला नाही. १९९९ च्याच कायद्याच्या कलम २८ प्रमाणे तो आधी सूचना देऊन आणि योग्य वेळीच घर पाहू शकतो. भाडेकरूनेही त्या भेटीला अडवू नये. विकायचं म्हणून रोज संध्याकाळी ग्राहक आणणं मात्र दोघांनाही जड जातं, तेव्हा त्यासाठी आठवड्यातला एखादा वार ठरवून टाका.

भाड्याची पावती मागणं हा हक्क आहे, देणं बंधनकारक. पैसे बँकेतूनच द्या. भाडं महिन्याला पन्नास हजारांच्या वर असेल, तर देणाऱ्याने दोन टक्के टीडीएस कापून भरायचा असतो. पगारदार माणसांना हे माहीतच नसतं आणि नोटीस आल्यावर धावपळ होते.

भाडेकरूच्या बाजूची कर्तव्यं थोडक्यात : घर राहण्यासाठीच वापरा, दुसऱ्याला परस्पर देऊ नका, भिंत पाडणं किंवा ग्रिल कापणं परवानगीशिवाय नको, सोसायटीचे नियम पाळा. आणि बारा वर्षं राहिलं की घर आपल्या नावावर होतं हा समज सोडून द्या. परवानगीने राहणाऱ्याचा ताबा मालकीविरुद्ध ठरत नाही, मग वर्षं किती का होईनात.

मुदत संपली, तरी माणूस जात नाही

मुदत संपायच्या दोन महिने आधी दोघांनी बोलून घ्यावं. पुढे राहायचं असेल तर नवा करार, नवी नोंदणी. ‘चालू राहू दे’ म्हणत संपलेल्या करारावर राहणं दोघांनाही धोक्याचं.

भाडेकरू जातच नसेल तर मालकाने कुलूप बदलायचं नाही, सामान जिन्यात काढायचं नाही, पाणी-वीज तोडायची नाही. भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडणं हा कलम २९ खाली गुन्हा आहे. पोलीसही ‘दिवाणी बाब’ म्हणून घर रिकामं करून देत नाहीत. बरोबर रस्ता आहे कलम २४ चा : सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज. नोंदणीकृत करार इथे कामाला येतो, कारण मुदत संपल्याचं त्याने सिद्ध होतं. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूने प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागायची असते. मागितली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य धरलं जातं. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. वीस हजारांच्या घरात चार महिने अडून बसलं तर ती एक लाख साठ हजार होते. भाडेकरूला हा हिशेब शांतपणे लिहून दाखवला, की बरीच प्रकरणं अर्जाआधीच मिटतात.

चावी द्या, डिपॉझिट घ्या

सोडण्याची नोटीस लेखी द्या, ई-मेलने दिली तर उत्तम. शेवटच्या महिन्याचं भाडं ‘डिपॉझिटमधून वळतं करा’ हे परस्पर ठरवू नका, तसं करारात नसेल तर ती थकबाकीच. वीज आणि गॅसची शेवटची बिलं भरून पावत्या जवळ ठेवा.

चावी आणि पैसे एकाच वेळी, एकाच टेबलावर. मालक म्हणेल, “नवा भाडेकरू आला की देतो.” ते तुमचं काम नाही, पण हे सांगायला कराराचा आधार हवा. डिपॉझिट परत मिळेपर्यंत भाडं न देता ताबा ठेवता येईल, असं कलम घालून घेतलेलं असेल तर बोलणं सोपं जातं. कापणी होत असेल तर बिलं मागा, नुसता आकडा मान्य करू नका. तरी पैसे अडले तर आधी वकिलामार्फत नोटीस, मग वसुलीचा दावा. त्याला तीन वर्षांची मुदत असते, पण इतकं थांबू नका.

आणि तो बेसिन. सोडायच्या दिवशी मालकांनी बाथरूममध्ये वाकून पाहिलं आणि म्हणाले, “हा तडा नवीन दिसतोय. बेसिन बदलावं लागेल.” मी फोन काढला, साडेतीन वर्षांपूर्वीचा संदेश शोधला. माझा फोटो, खाली त्यांचा पिवळा अंगठा. ते दोन क्षण बघत राहिले, मग म्हणाले, “बरं, चहा घेणार का?” चहा झाला, चेक मिळाला, मी तीन चाव्या मोजून दिल्या आणि मिळाल्याची सही त्यांच्याकडून एका चिठोऱ्यावर घेतली.